आजार दोन मिनिटांचा, शिक्षा जन्माची

जळगाव असो वा धुळे, खानदेशचा उन्हाळा खेळाडूंना पहाटेच मैदानावर आणतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांना भिडू लागला, की उन्हे चढण्यापूर्वीच कबड्डीच्या रेषा आखल्या जातात, खो-खोचे खांब तपासले जातात आणि शिट्टी वाजते. त्या शिट्टीमागचा माणूस आपल्या फारसा ध्यानात राहत नाही. जिंकलेल्या मुलांचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, त्यात प्रशिक्षक कडेला, बहुधा अर्धा कापलेला असतो.

समजा, असा एक प्रशिक्षक एके दिवशी सराव चालू असताना कोसळला. शरीर ताठ झाले, हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. मुले घाबरली. कोणी कांदा शोधायला धावले, कोणी पायातली चप्पल काढून नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालू लागले. दोन मिनिटांत झटका ओसरला. अर्ध्या तासाने माणूस उठून बसला, पाणी प्याला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी संस्थाचालकांनी त्याला बोलावून घेतले व अत्यंत गोड शब्दांत सांगितले, ‘सर, आता तुम्ही विश्रांती घ्या.’ लेखी हुकूम नाही, चौकशी नाही, वैद्यकीय अभिप्राय नाही. विश्रांती कायमची होती, हे त्याला पुढच्या महिन्याचे मानधन आले नाही तेव्हा कळले.

हे चित्र कोणा एका संस्थेचे नाही, ते मुद्दाम कल्पिले आहे. परंतु ज्यांनी शाळा, तालीम आणि क्रीडामंडळे जवळून पाहिली आहेत, त्यांना ते अनोळखी वाटू नये. आपल्यापुढचा प्रश्न असा, की या माणसाला नेमके कशासाठी काढले? तो शिकवू शकत नव्हता म्हणून, की तो पडताना चारचौघांनी पाहिले म्हणून?

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी या आजाराची अनेक नावे आपल्या भाषेत आहेत. नावे जितकी, तितक्या त्याविषयीच्या भयकथाही आहेत. वास्तविक हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींचे विद्युत्-व्यवहार क्षणभर बेताल होतात आणि झटका येतो. तो वेडेपणा नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि संसर्गजन्यही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा आजार आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार मिळाले, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असेही हीच संघटना सांगते. याचा अर्थ असा, की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत आजार आणि रोजगार यांच्यामध्ये उभी असते ती रोज वेळेवर घ्यावयाची एक गोळी. ती गोळी न मिळणे हा दैवाचा भाग नसून व्यवस्थेचा भाग आहे.

याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अपस्माराचे सुमारे २५ टक्के रुग्ण टाळता येण्यासारखे असतात. बाळंतपणात वेळेवर मदत न मिळाल्याने अर्भकाच्या मेंदूला इजा होते, रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार बसतो, मेंदूज्वर होतो, आणि डुकरातील पट्टकृमीची अंडी घाण पाण्यातून व न धुतलेल्या भाजीतून पोटात जाऊन मेंदूत गाठी धरतात. ही कारणे वाचली, की हा आजार गरिबांच्या वस्तीत अधिक का रेंगाळतो हे निराळे सांगावयास नको. ज्या समाजाने स्वच्छ पाणी दिले नाही, सुरक्षित बाळंतपण दिले नाही, तोच समाज रुग्णाला पुन्हा कामावरूनही उठवतो.

या बाबतीत आपला कायदाही दीर्घकाळ निर्दोष नव्हता. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने वारंवार येणारे वेडाचे झटके आणि अपस्मार यांना एका दावणीला बांधले आणि अपस्मार असलेल्या व्यक्तीला वैध विवाहास अपात्र ठरवले. तो शब्द काढून टाकण्यास १९९९ साल उजाडले. त्यानंतरही घटस्फोटाच्या अर्जांत अपस्माराचे कारण पुढे केले जाते. अशाच एका प्रकरणात, २०२३ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्पष्ट करावे लागले, की अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मनोविकारही नाही. कायद्याच्या पुस्तकातून जो शब्द १९९९ साली गेला, तो मनातून जाण्यास किती काळ लागतो याचे हे उदाहरण आहे. विवाहाच्या बाबतीत निदान न्यायालयात जाण्याची वहिवाट तरी आहे. मानधनावरच्या प्रशिक्षकाला काढताना तेवढाही सोपस्कार करावा लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘फेफरे येणारा माणूस प्रशिक्षक कसा होईल?’ असे आपण विचारतो, आणि घोटाळा इथेच होतो. प्रशिक्षक हे पद आहे. त्या पदाखाली अनेक कामे येतात. प्रश्न पदाविषयी विचारला, की उत्तर ‘नाही’ असे येते. एकेका कामाविषयी विचारला, की उत्तर बदलू लागते. सरावाचा आराखडा करणे, चढाईतील वा पाठलागातील चूक हेरणे, संघ निवडणे, मुलांचे मनोबल राखणे, सामन्याची व्यूहरचना ठरवणे, अर्ज भरणे, हजेरी ठेवणे ही या पदाची खरी कामे आहेत. त्यांतील एकाही कामाआड अपस्मार येत नाही.

धोका असतो तो मोजक्या कामांत. जलतरण तलावावर एकट्याने पहारा करणे, मल्लखांबावरून सुटणाऱ्या मुलाला एकट्याने झेलणे, उंच शिडीवर चढून जाळी वा दिवे बांधणे, आणि संघाला धुळ्याहून जळगावला नेताना जीप स्वतः हाकणे. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो, आणि तो असणे रास्तही आहे. परंतु जीप हाकणे हे प्रशिक्षकाच्या कामाचे मर्म नव्हे. ते चालकाचे काम आहे. संस्थेने चालकाचा पगार वाचविण्यासाठी ते प्रशिक्षकाच्या गळ्यात घातले आणि मग ते करता येत नाही म्हणून त्याला नालायक ठरवले, तर नालायकी कोणाची?

ही मोजकी कामे दुसऱ्याकडे देता येतात, किंवा दोघांनी मिळून करता येतात. तलावावर दुसरा जीवरक्षक ठेवावा, आणि खरे तर तो प्रशिक्षक धडधाकट असला तरी ठेवलाच पाहिजे. मल्लखांबाजवळ थोरल्या शिष्यांपैकी दोघे उभे करावेत. जागरणाने ज्यांना झटका येतो त्यांच्यावर रात्रीच्या सामन्यांचे काम लादू नये आणि रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच मैदानावर उभे करू नये. गोळी घेण्याच्या वेळी पाच मिनिटे मोकळी द्यावीत. या साऱ्याला खर्च किती? बहुतेक गोष्टींना पैसा लागतच नाही, थोडा विचार आणि थोडी माणुसकी लागते.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्स यांनी वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात पाच झेल घेऊन विश्वविक्रम केला. क्षेत्ररक्षणात ज्यांच्याकडे जगाने बोट दाखवावे असे हे खेळाडू बालपणापासून सौम्य अपस्मारासह जगत होते, आणि त्यांनी ते लपवले नाही. पुढे २००९ ते २०१७ या काळात हेच ऱ्होड्स मुंबई इंडियन्स संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक होते. महाराष्ट्राच्या राजधानीत, लाखो प्रेक्षकांच्या देखत, अपस्मार असलेला एक माणूस वर्षानुवर्षे प्रशिक्षण देत होता आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. त्यांच्याआधी, १९७६-७७ च्या हंगामात भारतात येऊन ३-१ अशी मालिका जिंकून गेलेले इंग्लंडचे कर्णधार टोनी ग्रेग यांनाही वयाच्या चौदाव्या वर्षापासून हा आजार होता.

याहूनही बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जेरी किल यांना सप्टेंबर २०११ मध्ये चालू सामन्यात, हजारो प्रेक्षकांसमोर, मैदानाच्या कडेला झटका आला. पुढेही असे झटके आले. त्यांनी पद सोडावे असे वर्तमानपत्रातून लिहिले गेले. विद्यापीठाने मात्र त्यांना काढले नाही. २०१३ च्या हंगामात त्यांनी काही काळ रजा घेतली, सहायकाने मैदानावरची जबाबदारी उचलली आणि परतल्यावर किल वरच्या कक्षातून सामन्याचे मार्गदर्शन करू लागले. त्या हंगामात संघाने आठ सामने जिंकले. २०१५ साली प्रकृतीच्या कारणाने ते स्वतः निवृत्त झाले आणि २०२२ साली न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून पुन्हा उभे राहिले. या हकिगतीतून आपण घ्यावयाचा धडा एवढाच, की माणूस तोच ठेवून त्याची उभे राहण्याची जागा बदलता येते.

कोणी म्हणेल, हे थोरामोठ्यांचे झाले. ही शंका आम्हाला मान्य आहे, किंबहुना आमचे म्हणणे तेच आहे. ऱ्होड्स यांच्या पाठीशी कीर्ती होती, किल यांच्या पाठीशी करार होता. आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या, शिरपूर-साक्रीच्या प्रशिक्षकाच्या पाठीशी काय आहे? कायम नोकरी असलेला शिक्षक कदाचित आजार सांगेल. दर सत्राला नेमणुकीची वाट पाहणारा अंशकालीन निदेशक तो कसा सांगणार? तो गोळी लपूनछपून घेतो, कधी घेतच नाही, झटका आल्यास ‘उन्हाने चक्कर आली’ म्हणतो. लपविण्याने धोका वाढतो, आणि लपविण्यास भाग पाडते ती नोकरीची अनिश्चिती. म्हणून हा प्रश्न निव्वळ दयेचा वा वैद्यकाचा नाही, तो श्रमिकाच्या हक्काचा आहे.

मुलांच्या सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. आपले मूल ज्याच्या हाती सोपवायचे त्याच्याविषयी आईबापांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे, आणि कार्यकर्त्यांनी तिची टर उडवू नये. ज्याचे झटके अद्याप आटोक्यात नाहीत त्याने तलावावर एकट्याने मुले सांभाळू नयेत, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. हक्काबरोबर कर्तव्यही येते. औषध नियमित घेणे, वैद्याचा सल्ला पाळणे आणि सहकाऱ्यांना विश्वासात घेणे ही त्या प्रशिक्षकाची बाजू आहे. परंतु विचार करा, मुले अधिक सुरक्षित कोठे आहेत? जेथे प्रशिक्षकाने आजार उघड सांगितला आहे, जोडीला सहायक आहे आणि झटका आल्यास काय करावे हे सर्वांना शिकवलेले आहे तेथे, की जेथे भीतीपोटी तो सारे दडवून एकटाच शिट्टी वाजवीत उभा आहे तेथे?

आणि काय करावे, हे शिकणे अवघड नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, गळ्याशी घट्ट असलेले कपडे सैल करावेत. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये. घड्याळ पाहावे, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्ध न येता दुसरा आला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. कांदा आणि चप्पल यांचा या आजाराशी काडीचा संबंध नाही. सहावी-सातवीतील मुले हे एका तासात शिकतात. ज्या मुलांनी आपल्या सरांना असे सावरले, ती मुले पुढे आयुष्यात कोणाच्याही दुबळेपणाला हसणार नाहीत.

आता कायद्याचे पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगांना दिव्यांग म्हटल्याने त्यांचे अंग दिव्य होत नाही आणि चूलही पेटत नाही. पण या कायद्यात नावापलीकडचेही काही आहे. सेवेत असताना अपंगत्व आले तर शासकीय आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये व त्याचा दर्जा उतरवू नये, असे कलम २० सांगते. ते पद त्याला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसरे पद द्यावे, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून सामावून घ्यावे, अशी तरतूद आहे. यातील ‘शासकीय आस्थापना’ या शब्दात शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनुदानित शाळांच्या चालकांना हे वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविण्याची गरज आहे. कामाच्या ठिकाणी गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हेही याच कायद्याने कर्तव्य ठरवले आहे.

या कायद्याची भिंत मात्र एका ठिकाणी फुटकी आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे, अपस्माराचे नाव त्यांत नाही. जुनाट मज्जाविकारांची उदाहरणे म्हणून कंपवातासारखे आजार दिले आहेत, आणि ‘यांसारखे’ या शब्दाच्या फटीतून अपस्मार आत येऊ शकतो असा युक्तिवाद करता येतो. अडचण टक्केवारीचीही आहे. ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर आरक्षण मिळते, पण वर्षातून दोनदा दोन मिनिटांसाठी येणाऱ्या आजाराची टक्केवारी कोणत्या फूटपट्टीने मोजणार? उरलेल्या ३६३ दिवसांत तो माणूस दाखल्याच्या दृष्टीने धडधाकट, आणि मालकाच्या दृष्टीने निकामी! दाखला देताना कमी आजारी आणि काम देताना जास्त आजारी, अशी ही दुहेरी कोंडी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात निर्वाळा दिला, की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराने मिळविलेला हा निकाल खानदेशातील प्रशिक्षकालाही उपयोगी पडणारा आहे, फक्त तो तेथवर पोहोचला पाहिजे.

तो पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पहिली मागणी अशी असावी, की प्रत्येक शाळेने व क्रीडासंस्थेने प्रशिक्षकाच्या कामांची लेखी यादी करावी, आणि लेखी वैद्यकीय अभिप्राय घेतल्याविना व कामांची फेरवाटणी करून पाहिल्याविना आजाराच्या कारणाने कोणालाही दूर करू नये. दुसरी, हे संरक्षण मानधनावरील, कंत्राटी व अंशकालीन प्रशिक्षकांनाही मिळावे. तिसरी, अपस्मारावरील नित्याची औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळावीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्यांसाठी धुळ्याच्या वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रोजंदारी बुडवून यावे लागू नये. चौथी, अनुसूचीत अपस्माराचा स्पष्ट उल्लेख व्हावा. आणि जोवर तो होत नाही, तोवर प्रत्येक प्रकरण आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी न्यावे. तोंडी काढलेल्या माणसाने तोंडी रडू नये, कागद मागावा.

खानदेशाला या कामाची परंपरा आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी शिक्षकाचे काम केले. वसतिगृहातल्या आजारी मुलाच्या उशाशी बसणारा शिक्षक कसा असतो, हे त्या गावाने पाहिले आहे. आज उशाशी बसण्याची पाळी उलटली आहे. शिक्षक मैदानावर पडला आहे आणि त्याच्या भोवती आपण उभे आहोत. त्याला कुशीवर वळवून सावरायचे आणि उठल्यावर शिट्टी पुन्हा त्याच्या हाती द्यायची, की ती कायमची काढून घ्यायची, हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही. झटका दोन मिनिटांत ओसरतो. समाजाची भीती ओसरण्यास किती काळ लागावा, हे मात्र आपल्या हाती आहे.